घरच्या घरी परीकथा

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधी याच पानावर मी तुम्हाला एक काम सांगितले होते. मुलांना सांगायला एक परीकथा स्वतः रचून पाठवा. ऐकलेली नको, वाचलेली नको, आजच्या दिवसांतली हवी, असे म्हटले होते. मला वाटले, फराळाच्या गडबडीत कोण लिहायला बसते आहे! दहा-पंधरा पत्रे आली तरी पुष्कळ. पण माझा अंदाज साफ चुकला. कुणी मुलाच्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिले, एकीने तर वाण्याच्या यादीच्या मागच्या बाजूला. ज्यांना टपालात टाकायला सवड झाली नाही त्यांनी पान लिहून मोबाइलवर त्याचा फोटो पाठवला. आठ दिवस चष्मा नाकावरून उतरला नाही माझ्या.

सगळ्या गोष्टी वाचल्या. आता खरे सांगू? रागावायचे नाही हं. निम्म्याहून अधिक पऱ्या मला एकाच दुकानातून आणल्यासारख्या वाटल्या. पांढरा झगा, पंख, हातात छडी. आजच्या म्हणायच्या तर परीजवळ मोबाइल आणि राक्षसाच्या पोटात प्लास्टिकच्या पिशव्या. परी छडी फिरवते, राक्षस सुधारतो आणि खाली ओळ येते, 'म्हणून मुलांनो, आपण नेहमी...' नमुना म्हणून त्यातली एक मी आमच्या नातीला वाचून दाखवली. 'म्हणून मुलांनो' आले मात्र, बाईसाहेब उठून पाणी प्यायला गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

पण त्या ढिगात लातूरच्या एका मैत्रिणीची गोष्ट होती. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, पूर्णविराम तर कुठे नाहीच. गोष्ट थोडक्यात अशी. एका मुलीच्या आईचे डोळे काही काही सकाळी लाल दिसतात. मुलगी विचारते, तू रडलीस का? आई म्हणते, नाही गं, आपल्या नळात एक परी राहते. ती रात्री तीनला येते, तिला बघायला जागले होते. परी कशी दिसते? बारीक, करंगळीएवढी. येण्याआधी नळात घुर्रघुर्र आवाज करते. भारी लाजाळू आहे, गडबड केली की निघून जाते. मुलगी ठरवते, आपण जागायचे. एका रात्री झोप लागते, दुसऱ्या वेळीही लागते. तिसऱ्या वेळी आवाजाने जाग येते. ती दाराआडून बघते, तर अंधारात आई भिंतीला डोके टेकून बसलेली, नळाखाली कळशी आणि आईचा एक हात त्या बारीक धारेखाली. मुलगी काही बोलत नाही. रिकामी बादली उचलून पुढे सरकवते. सकाळी धाकट्या भावाला सांगते, मी परी पाहिली.

संपली गोष्ट. मी पत्र खाली ठेवले आणि थोडा वेळ तशीच बसले. लातूर म्हटल्यावर २०१६ सालचा एप्रिल आठवला, मिरजेहून तिकडे पाण्याची आगगाडी गेली होती तो. आगगाडी भरून पाणी यावे, हे एखाद्या लहान मुलाने रचले असते तर आपण म्हटले असते, कल्पना छान आहे हो! ज्या गावाने हे पाहिले आहे तिथल्या परीला पंख कशाला हवेत?

या गोष्टीत जादू कुठे आहे, असे कुणी विचारील. मी उलट विचारते, आपल्या श्रावणातल्या खुलभर दुधाच्या कहाणीत कुठे आहे? राजाने गावचे सगळे दूध देवळात आणवले, पोराबाळांच्या आणि वासरांच्या तोंडचे काढून आणवले, तरी गाभारा भरला नाही. म्हातारीने आधी घरच्यांना जेवू घातले, वासरांना पाजले आणि उरलेले खुलभर दूध नेले, तेवढ्याने भरला. म्हातारीने छडी फिरवली नाही. तिच्या घरचा जो रोजचा हिशेब, त्यातूनच जादू निघाली. चिऊ-काऊचेही तसेच. भिजलेला कावळा दार ठोठावतो आणि चिमणी एकेक कारण सांगत त्याला थांबवते. ती कारणे नीट ऐका. बाळाची अंघोळ, पावडर, तीट. घरातल्या बाईची सकाळ आहे ती. ज्या कुणा आजीने ही गोष्ट प्रथम रचली तिच्या मांडीवर त्या वेळी मूल असणार आणि दाराशी कुणीतरी ताटकळत असणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

त्या आजीचे नाव कुणाला ठाऊक नाही. हिमगौरी, सिंड्रेला यांच्याही आज्या अशाच निनावी. जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी लोकांच्या तोंडच्या गोष्टी जमवून १८१२ साली त्यांचा पहिला भाग छापला, त्यात या दोघी आहेत. पण एका माणसाने ऐकलेल्या गोष्टींवर सुरुवात केली आणि मग आयुष्यभर स्वतःच्या परीकथा रचल्या. तुमच्या-माझ्यासारख्यांनी परीकथा लिहायची म्हटले तर धडा त्याच्याकडून घ्यावा, असे मला वाटते. डेन्मार्कचा हान्स ख्रिश्चन अँडरसन. जन्म १८०५ सालचा, ओडेन्स गावचा. वडील चांभारकाम करायचे, आई लोकांचे कपडे धुवायची. वडील लवकर गेले आणि हा चौदाव्या वर्षी नशीब काढायला एकटा कोपनहेगनला गेला.

त्याच्या गोष्टींतली पात्रे बघा. एका गोष्टीत रफूची सुई आहे. स्वतःला फार नाजूक समजते. स्वयंपाकिणीची फाटकी सपाता शिवताना मोडते, मग मोरीत पडते, वाहून जाते, तरी तिचा ताठा काही कमी होत नाही. (अशी एक बाई आमच्या जुन्या वाड्यात होती, असो.) दुसऱ्या गोष्टीत कथलाच्या जुन्या चमच्यापासून २५ शिपाई ओततात आणि शेवटच्याला कथील कमी पडते म्हणून त्याला एकच पाय. वाटीभर पीठ कमी पडले की शेवटची पोळी लहान होते ना, तसे. म्हणजे जादूसाठी या माणसाला राजवाड्यात जावे लागले नाही. तुमच्या शिवणाच्या डब्यात आणि मोरीत जादू आहे. कुकरची शिट्टी, गॅसचा संपत आलेला सिलिंडर, जोडीतला हरवलेला एक मोजा, यांनी तुमचे काय वाईट केले आहे म्हणून तुम्ही त्यांना सोडून छडीच्या मागे धावता?

भाषाही तो बोलण्यातली वापरायचा. मुलांसमोर बसून कात्रीने कागदाची चित्रे कापत कापत गोष्ट सांगायचा. तशीच लिहायला गेला तर त्या वेळचे टीकाकार नाराज झाले. म्हणाले, ही काय लिहिण्याची भाषा झाली? आणि मुलांनी यातून बोध काय घ्यायचा? तेव्हा 'म्हणून मुलांनो' मागणारे लोक तिकडेही होते, बरं का. तुमच्या गोष्टींतली 'लावण्यवती राजकन्या' आणि 'घनदाट अरण्य' खोडून टाका. मुलाला जेवायला हाक मारताना जी भाषा तोंडात येते, ती चालेल.

आणखी एक. त्याच्या गोष्टीत फुकट काही मिळत नाही. त्याच्या १८३७ सालच्या जलपरीला पाय हवे असतात. त्यासाठी तिला आवाज द्यावा लागतो आणि प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखे दुखते. एवढे करून राजपुत्र लग्न करतो ते दुसरीशीच. आपल्या मुलांना माहीत असतो तो १९८९ सालचा सिनेमा. त्यात लग्न लागते, सगळे छान होते. सिनेमा मला आवडतो, गाणी तर फारच. पण रात्री अंथरुणात आठवते ती पुस्तकातली.

त्याच्या आईबद्दलही सांगायला हवे. तिला लहानपणी घरच्यांनी भीक मागायला धाडले होते. तिला हात पसरवेना, म्हणून ती दिवसभर नदीच्या पुलाखाली रडत बसली, असे तिने मुलाला सांगितले होते. पुढे १८४५ साली त्याच्याकडे काही चित्रे आली, त्यांतल्या एखाद्यावर गोष्ट लिहून द्या म्हणून. त्याने काड्या विकणाऱ्या गरीब मुलीचे चित्र निवडले. ती गोष्ट तुम्ही वाचली असेल. नसेल तर वाचा, पण दुपारी एकट्या असताना वाचा. आणि १८५२ साली त्याने एका धोबिणीची गोष्ट लिहिली. थंडगार पाण्यात उभी राहून कपडे धुते, ऊब यावी म्हणून घोटभर दारू घेते आणि गाव तिला म्हणते, ही बाई कामाची नाही. तिची एक म्हातारी मैत्रीण तेवढी जाणते ती काय होती ते. लातूरची गोष्ट वाचताना मला हीच आठवली होती. दोन्ही गोष्टींत मूल आईला पाण्यापाशी पाहते आणि मग काही विसरत नाही.

एका मैत्रिणीने विचारले आहे, फ्लॅटमध्ये राक्षस कुठे ठेवायचा? छान प्रश्न आहे! गच्चीवरच्या टाकीत ठेवा, पलंगाखाली ठेवा. पण आधी मुलाला विचारा, तुला भीती कशाची वाटते? उत्तर ऐकायची तयारी मात्र हवी. सोलापूरच्या एकीने विचारले, तर मुलगा म्हणाला, पाच तारखेची. घराच्या कर्जाचा हप्ता असतो त्या दिवशी, आणि बाबा मोठ्याने बोलतात. तिने लगेच हप्त्याचा राक्षस रचला. दर महिन्याच्या पाच तारखेला जिन्याने वर येतो आणि त्याची पावले वाजू लागली की घरातल्या माणसांचे आवाज मोठे होतात. इथवर गोष्ट इतकी सुरेख की मी शेजारणीला वाचून दाखवली. पण शेवटी परी येते आणि राक्षसाला मारून टाकते. बाई, पुढच्या महिन्यात पुन्हा पाच तारीख येणार नाही का? मुलाला ते ठाऊक आहे. त्याला मारू नका. त्या संध्याकाळी घरात काय होते ते सांगा. खिचडी टाकता ना त्या दिवशी? राक्षस दाराबाहेर बसून खिचडीचा वास घेतो का, मग त्याचे पुढे काय होते, हे मुलाला विचारा आणि त्याने सांगितले तसे लिहा. गोष्ट पुन्हा पाठवा, मी वाट बघते.

शेवट गोड करण्याचा हा मोह मला चांगला माहीत आहे. मीही तेच करून बसले होते.

तीन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. नात तेव्हा साडेचार वर्षांची. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास हे फिरून यायचे आणि लिफ्टचा आवाज आला की ती दाराकडे पळायची. सुनेने तिला सांगितले, आजोबा देवाघरी गेले. तर कधी येणार, हा तिचा प्रश्न रोजचाच. एका रात्री मी गोष्ट रचली. आपल्या लिफ्टमध्ये सगळ्यात वर एक बटण आहे, ते कुणाला दिसत नाही. आजोबांना दिसले. ते दाबून आजोबा वर गेले, कारण वर चंद्राचे घड्याळ बंद पडले होते. ह्यांना घड्याळे उघडून बसायची खोड होती, स्क्रू सगळ्या घरभर व्हायचे. म्हणून मला ते सुचले. नातीने विचारले, "मग घड्याळ नीट झाल्यावर?"

साडेदहा वाजले होते. तिच्या डोळ्यांवर झोप होती आणि माझे म्हणाल तर, काय सांगू! मी म्हटले, "मग काय, येतील की लिफ्टने खाली."

ती झोपली. मला वाटले, बाई, जमली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सातला पोरगी घरात नाही. बघते तर लिफ्टसमोर पायरीवर बसलेली, शेजारी ह्यांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. लिफ्टचे लाल आकडे एक, दोन, तीन, चार असे चढायचे, दार उघडायचे आणि इस्त्रीवाला बाहेर यायचा. पुन्हा आकडे चढायचे, समोरच्या काकू बाहेर यायच्या. चार दिवस हे चालले. आत चल म्हटले की म्हणायची, "घड्याळ अजून झालं नसेल." पाचव्या दिवशी सून मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आई, तुम्हीच सांगितलंय, आता तुम्हीच बघा काय ते." आवाज चढवला नाही तिने. बरोबरच होते तिचे.

अँडरसनची पहिली पुस्तिका १८३५ साली निघाली. तिच्यात चार गोष्टी होत्या. तीन लहानपणी ऐकलेल्या आणि चौथी त्याची स्वतःची, 'छोट्या इडाची फुले'. ही इडा खरीच होती, कोपनहेगनमध्ये लोककथा जमवणारे थीले म्हणून त्याचे स्नेही होते त्यांची मुलगी. गोष्टीतली इडा विचारते, काल इतकी टवटवीत फुले आज अशी का झाली? घरी येणारा एक विद्यार्थी तिला सांगतो, ती रात्री नाचायला गेली होती, दमली. तिथे एक आंबट चेहऱ्याचे साहेब बसलेले असतात. ते म्हणतात, मुलीच्या डोक्यात काय वाटेल ते भरवू नका. रात्री इडा उठते, तर फुले खरेच नाचत असतात. मी ही गोष्ट लहानपणी वाचली होती आणि नाचच तेवढा लक्षात होता. त्या पाचव्या रात्री पुन्हा काढून वाचली. फुले तिला सांगतात, उद्या आम्ही मरणार, आम्हाला बागेत पुर. सकाळी ती मेलेलीच असतात. इडा त्यांना सुंदर खोक्यात ठेवून पुरते, भावंडे त्यांच्यावरून बाण सोडतात. पुढच्या उन्हाळ्यात फुले येतील. पण नवी येतील. ही फुले उठून परत बाहुलीच्या बिछान्यात येऊन बसत नाहीत. एवढा नाच दाखवणाऱ्या माणसाने त्या एका ठिकाणी मुलीला फसवले नाही. मी मात्र फसवले होते, आणि तो आंबट साहेब माझ्याबाबतीत बरोबर ठरला होता.

सकाळी नातीला जवळ घेतले आणि म्हटले, "त्या गोष्टीचा शेवट मी चुकीचा सांगितला गं."

"का?"

"मला तोच हवा होता म्हणून."

तिने माझ्याकडे नुसते बघितले. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण आईकडून, वेणी आईकडून. पायरीवर बसायची मात्र थांबली आणि चपला तिने स्वतःच उचलून कपाटात ठेवल्या. तिसऱ्या रात्री माझ्या अंथरुणात शिरून म्हणाली, "मग खरा शेवट सांग."

मी सांगितले, ते बटण फक्त वर नेणारे आहे. खाली येण्याचे बटण तिकडे बसवलेलेच नाही. आजोबांना ते माहीत नव्हते, वर गेल्यावर कळले. ती थोडी रडली. मीही रडले, लपवले नाही. मग तिने विचारले, "तिथं किती वाजलेत हे त्यांना कसं कळतं?" मला उत्तर आले नाही आणि या वेळी मी रचलेही नाही. तीच विचार करत राहिली. आमचे बैठकीतले घड्याळ हे नेहमी पाच मिनिटे पुढे ठेवायचे, गाडी चुकू नये म्हणून. एकदा चुकली होती त्यांची, १९८४ साली, तेव्हापासून. ती म्हणाली, "आपलं घड्याळ पुढं आहे ना, ते तिथलं आहे. ते आपल्याआधी पाच मिनिटं जेवतात."

आता ती दुसरीत आहे. लिफ्टची गोष्ट बाळांची आहे म्हणते. गेल्या महिन्यात सुनेने सेल बदलताना घड्याळ बरोबर लावले. संध्याकाळी बघते तर स्टुलावर चढून नात काटा पुढे सारते आहे.

'नळातली परी' पुढच्या अंकात छापतो आहोत. चुका दुरुस्त केल्या आहेत, बाकी एका शब्दाला हात लावलेला नाही. ज्यांच्या गोष्टी परत पाठवल्या आहेत त्यांनी रुसू नये. शेवटची ओळ कापून पुन्हा वाचून बघा, बऱ्याच जणींची गोष्ट तिच्या आधीच्या ओळीवर छान संपली आहे. आणि अमरावतीच्या मैत्रिणीने हरवलेल्या मोज्याची गोष्ट अर्धीच पाठवली आहे. दुसरे पान पाकिटात घालायचे राहिले बहुधा. लवकर पाठवा हो, नात विचारते आहे.